वजाबाकीच्या आधी कोनाकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी सातवीत आहे. लघुकोन, काटकोन, विशालकोन ही नावं तिला पाठ आहेत, वजाबाकीही पक्की आहे. तरी कोटिकोन (दिलेल्या कोनाशी ज्याची बेरीज ९०° होते तो कोन) विचारला की ती कधी ९० मधून वजा करते, कधी १८० मधून. ‘११०° मापाच्या कोनाचा कोटिकोन काढा’ याचं उत्तर तिनं –२०° लिहिलं आणि त्यात काय चुकलं ते तिला समजलं नाही. कोनमापकानं एकच कोन मोजताना एकदा ६५° येतं, एकदा ११५°. शाब्दिक उदाहरण आलं की ती पेन खाली ठेवते. घरी ती मराठी पुस्तक वाचते आणि हिंदी व्हिडिओ बघते. लक्षात ठेवायला एखादी युक्ती सांगा, असं तुम्ही लिहिलंय.

युक्ती सांगते, पण ती पुरणार नाही. तुम्ही चार वेगवेगळ्या अडचणी लिहिल्या आहेत. मला त्यांच्यामागे एकच दिसते. आकडा समोर आला की तिच्या डोळ्यांसमोरून कोन नाहीसा होतो. ११० हा तिच्यासाठी फक्त वजा करायचा आकडा उरतो. तो विशालकोन आहे, म्हणजे काटकोन केव्हाच ओलांडून पुढे गेलेला आहे, हे तिला ठाऊक असतं, पण त्या क्षणी ते ज्ञान वापरलं जात नाही. नावं एका धड्यात शिकली, वजाबाकी दुसऱ्या धड्यात. दोन्हींची गाठ कुणी घालून दिली नाही. मी बरीच वर्षं भूमिती शिकवते आणि वर्गात एक नियम कसोशीनं पाळते: कोनाचा प्रकार तोंडानं सांगितल्याशिवाय वहीवर वजाबाकी करायची नाही. पुढे जे लिहितेय ते या नियमामागचं कारण आहे.

आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण त्यात मुलीचा काडीचाही दोष नाही. मराठीत बेरीज ९०° होणाऱ्या कोनांना कोटिकोन म्हणतात आणि १८०° होणाऱ्यांना पूरक कोन. हिंदीत मात्र ९०° वाल्यांना ‘पूरक कोण’ म्हणतात आणि १८०° वाल्यांना ‘संपूरक कोण’. म्हणजे ‘पूरक’ हा एकच शब्द दोन भाषांत दोन वेगळ्या बेरजांसाठी आहे! सकाळी मराठी पुस्तकात पूरक म्हणजे १८०, संध्याकाळी हिंदी व्हिडिओत पूरक म्हणजे ९०. अशा वेळी मुलानं गोंधळ केला नाही तरच नवल. इंग्रजीनं यात आणखी भर पडते. रोजच्या वापरात ‘कॉम्प्लिमेंटरी’चं मराठी आपण ‘पूरक’ असंच करतो, पण भूमितीत कॉम्प्लिमेंटरी म्हणजे कोटिकोन आणि सप्लिमेंटरी म्हणजे पूरक. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही भाषांतले शब्द एकमेकांसमोर लिहून ठेवा आणि परीक्षेच्या भाषेतली ओळ ठळक करा. माझ्या अनुभवात निम्मा गोंधळ एवढ्यानंच जातो. हिंदी व्हिडिओ बंद करायची गरज नाही. त्यातला शब्द ऐकला की कोणत्या बेरजेबद्दल बोलतायत ते आधी बघायचं, एवढी सवय पुरे.

आता ती युक्ती. ‘काटकोन’ आणि ‘कोटिकोन’ हे दोन शब्द एकाखाली एक लिहा. क, ट, क, न. व्यंजनं तीच, त्याच क्रमानं, फक्त काना, मात्रा आणि वेलांटीचा फरक. कोटिकोनांची जोडी काटकोन करते. उरलेला पूरक: तो सरळ रेषा पुरी करतो. बस्स.

आता मुख्य गोष्ट. कोन म्हणजे दोन रेघा नव्हेत, कोन म्हणजे वळण, हे मुलांना शब्दांत सांगून पटत नाही. मी एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घेते आणि टेबलावर आडवं ठेवते. पुस्तक मिटलेलं आहे: मुखपृष्ठ आणि पानं यांच्यात शून्य कोन. मुखपृष्ठ हळूहळू उचलायला लागा. ताठ उभं राहीपर्यंतचा सगळा प्रवास लघुकोनांचा. ताठ उभं राहिलं तो एकच क्षण काटकोनाचा. त्यापुढे ते पलीकडे कलू लागलं की विशालकोन सुरू, आणि पलीकडे टेबलावर सपाट टेकलं की सरळ कोन.

हे करताना मुलांच्या लक्षात आणून देण्यासारखं बरंच काही आहे. एक म्हणजे, पुस्तक लहान घ्या की मोठं, मुखपृष्ठ तेवढंच वळलं तर कोन तेवढाच. ‘लांब भुजांचा कोन मोठा’ हा समज कितीतरी मुलांत सातवी-आठवीपर्यंत टिकून असतो आणि तो बोलण्यात येत नसल्यामुळे पकडलाही जात नाही. दुसरं, पुस्तक तिरकं धरून तेच केलं तरी काटकोन हा काटकोनच राहतो. आकृतीत काटकोन जरा फिरवून काढला की मुलं त्याला लघुकोन म्हणतात, कारण त्यांच्या मनात काटकोन म्हणजे एक रेघ आडवी आणि एक उभी.

तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कोनांच्या प्रकारांची यादी आपण सात नावांची म्हणून पाठ करून घेतो: शून्य, लघु, काट, विशाल, सरळ, प्रविशाल, पूर्ण. पण ही सात नावं एका जातीची नाहीत. शून्य, काटकोन, सरळ कोन आणि पूर्ण कोन हे रस्त्यावरचे चार खांब आहेत: ०°, ९०°, १८०°, ३६०°. प्रत्येकाचं माप एकच. लघुकोन, विशालकोन आणि प्रविशाल कोन या खांबांमधल्या तीन मोकळ्या जागा आहेत आणि तिथे कितीही कोन मावतात. ८९.५° लघुकोनच आहे आणि ९०.५° विशालकोनच, खांबाच्या जवळ असला म्हणून तो खांब होत नाही. मुलीला चार खांब एका रेघेवर काढायला सांगा आणि तुम्ही म्हणाल तो कोन त्या रेघेवर कुठे येतो ते बोटानं दाखवायला सांगा. प्रविशालची जागा १८० पासून ३६० पर्यंत, म्हणजे लघु आणि विशाल दोन्ही मिळून होतात तेवढी मोठी आहे, हेही तेव्हाच दिसतं.

पुस्तकाकडे परत येऊ. मुखपृष्ठ ६५° वर धरा आणि दोन प्रश्न विचारा. ताठ उभं राहायला आणखी किती वळावं लागेल? २५°. पलीकडे सपाट टेकायला किती? ११५°. पहिलं उत्तर कोटिकोनाचं माप, दुसरं पूरक कोनाचं. दोन्ही व्याख्या ‘किती उरलं?’ या एकाच प्रश्नात येतात, फक्त पोचायचा खांब वेगळा. आता मुखपृष्ठ ११०° वर न्या आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारा. ताठ उभं राहायला आणखी किती? मूल हसतं किंवा गप्प होतं, कारण मुखपृष्ठ तो खांब ओलांडून गेलेलं असतं. पुढे जाऊन ताठ होता येत नाही, मागे यावं लागतं, २०° मागे. तिनं लिहिलेल्या –२०° चा अर्थ हा आहे! तिची वजाबाकी बरोबरच आहे. तिनं अजून वाचलं नाही ते उत्तराच्या आधीचं उणे चिन्ह, आणि ते सांगतंय की या कोनाला कोटिकोन नाही. म्हणून त्या उत्तरावर नुसती लाल फुली मारू नका. ‘हे उणे तुला काय सांगतंय?’ असं विचारा.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती सांगायला हवी. पुढे त्रिकोणमितीत कोनाला दिशा देतात, तेव्हा ऋण कोनांनाही अर्थ येतो. पण शाळेतल्या या इयत्तांत कोनाचं माप ऋण नसतं, त्यामुळे ‘११०° च्या कोनाला कोटिकोन नसतो’ हेच पूर्ण उत्तर आहे आणि त्याच्या शेजारी ‘कारण तो विशालकोन आहे’ एवढं कारण लिहावं.

काटकोनाच्या कोटिकोनाचंही असंच. मुखपृष्ठ ताठच उभं आहे, मग किती उरलं? शून्य. ज्या पुस्तकात शून्य कोन हा कोन मानलाय तिथे ९०° चा कोटिकोन ०° आणि १८०° चा पूरक कोन ०° असं लिहिता येतं. जिथे कोटिकोनांची जोडी दोन लघुकोनांचीच धरली आहे तिथे ९०° ला कोटिकोन नाही असं म्हणतील. दोन्ही भूमिका सुसंगत आहेत. परीक्षेत आपल्या पुस्तकाची व्याख्या पाळायची. मुलीला मात्र हा वाद समजावून सांगा. व्याख्या माणसं ठरवतात आणि ठरवल्यावर काटेकोर पाळतात, हे कळायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

एवढं झालं की प्रकार सांगून मग वजाबाकी करायचा फायदा उघड होतो. लघुकोन असेल तर त्याला कोटिकोनही आहे आणि पूरक कोनही. कोटिकोन लघुकोनच येणार, पूरक विशालकोनच येणार. विशालकोन असेल तर कोटिकोन नाही आणि पूरक कोन लघुकोन येणार. काटकोनाचा पूरक काटकोन. प्रविशाल कोनाला दोन्ही नाहीत, कारण त्यानं दोन्ही खांब मागे टाकले. म्हणजे वजाबाकी करण्याआधीच उत्तर कोणत्या जागेत पडणार ते ठरलेलं असतं. ३७° चा पूरक कोन म्हणून तिनं ५३° लिहिलं, तर नुसता प्रकार पाहून चूक पकडता येते: लघुकोनाचा पूरक लघुकोन कसा असेल? दोन लघुकोन मिळून सरळ कोन कधीच होत नाही.

आणखी एक पडताळा पुस्तकाच्या मुखपृष्ठातूनच मिळतो. ताठ खांबापासून सपाट खांबापर्यंतचं अंतर कायम ९०° असतं, म्हणून कोणत्याही लघुकोनाचा पूरक कोन हा त्याच्या कोटिकोनापेक्षा बरोबर ९०° नं मोठा असतो. ३७° चे ५३° आणि १४३°. ८° चे ८२° आणि १७२°. मुलांना हे आपलं आपण सापडलं की ती चार-पाच कोन घेऊन खात्री करत बसतात. त्यांना तेवढा वेळ द्या.

व्याख्येत नसलेल्या दोन अटी मुलं स्वतःहून जोडतात, त्याही बघून घ्या. कोटिकोन किंवा पूरक कोन शेजारी-शेजारी असलेच पाहिजेत असं त्यांना वाटतं, कारण आकृत्या तशाच असतात. शेजारी असले तर त्यांना संलग्न कोन म्हणतात, आणि संलग्न असून मिळून सरळ रेषा करत असतील तर ते रेषीय जोडीतील कोन. पण एक कोन या पानावर आणि दुसरा त्या पानावर असला तरी मापांची बेरीज १८०° असेल तर ते पूरकच. दुसरं म्हणजे, हे शब्द जोडीसाठी आहेत. ४०°, ६०° आणि ८०° यांची बेरीज १८०° होते, तरी ‘हे तीन पूरक कोन आहेत’ असं म्हणत नाहीत.

आता कोनमापक. ६५° आणि ११५° यांची बेरीज करून बघा. १८०! हा योगायोग नाही. अर्धगोल कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून सुरू होणारी आणि एक उजवीकडून, आणि एकाच रेघेवरच्या दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी १८० असते. त्यामुळे चुकीची ओळ वाचली की येणारं उत्तर भलतंसलतं नसतं, ते बरोबर त्या कोनाच्या पूरक कोनाचं माप असतं. दोन्ही ओळींत एकच आकडा येतो तो फक्त ९० वर. मुलीला ही गोष्ट सांगाच, कारण ती जी चूक समजून हिरमुसते त्याच चुकीत तिचा धडा दडलेला आहे.

उपाय पुन्हा तोच: आधी प्रकार, मग माप. कागदाचा एक चौकोनी कोपरा कोनाच्या शिरोबिंदूवर ठेवायचा आणि कोपऱ्याची एक कड एका भुजेवर जुळवायची. दुसरी भुजा कागदाखाली लपली तर लघुकोन, बाहेर दिसत राहिली तर विशालकोन. मग कोनमापकावरच्या दोन आकड्यांपैकी कोणता घ्यायचा हे आपोआप ठरतं. कोन ९० च्या अगदी जवळ असला, समजा ८८ किंवा ९२, तर जाड पेन्सिलीच्या रेघेमुळे कोपऱ्यानं नक्की सांगता येत नाही. अशा वेळी भुजेवर ज्या ओळीचं शून्य आलंय त्या शून्यापासून बोटानं मोजत जायचं. प्रविशाल कोन अर्धगोल कोनमापकात मावतच नाही. आतला लहान कोन मोजून ३६० मधून वजा करावा.

मोजलेलं माप आणि दिलेलं माप यांतला फरकही याच वयात कळला तर बरं. रेषीय जोडीतले दोन कोन मोजल्यावर ६४° आणि ११७° आले तर बेरीज १८१ होते. यात भूमिती चुकत नाही; रेघेची जाडी आणि नजरेचा कोन यांमुळे एखाद्या अंशाचा फरक पडतो. पण उदाहरणात ‘एक कोन ६४° आहे’ असं दिलं असेल तर दुसरा ११६°, तिथे कोनमापक लावायचं नाही. छापलेली आकृती प्रमाणात असेलच असं नाही.

आकडेमोडीबद्दल फार सांगायची गरज नाही, कारण वजाबाकी तिला येते. मिनिटं-सेकंद आले की मात्र मुलं घाबरतात. १ अंश म्हणजे ६० मिनिटं, १ मिनिट म्हणजे ६० सेकंद. मग ९० ला आधीच सुटं करून घ्यायचं: ९०° म्हणजे ८९°६०′. त्यातून ३४°२५′ वजा केले की ५५°३५′. तसंच १८०° म्हणजे १७९°५९′६०″, त्यातून ११२°४८′३०″ गेले की ६७°११′३०″. हातचे घेत बसण्यापेक्षा हे सोपं जातं.

शाब्दिक उदाहरणांकडे येण्याआधी हातात काय जमलंय ते बघू: शब्द कोणत्या बेरजेचा आहे ते माहीत आहे, कोन कोणत्या जागेत आहे ते सांगता येतं, आणि ‘किती उरलं’ हे दिसतं. शाब्दिक उदाहरणात याच तीन गोष्टी लागतात, फक्त कोन आपल्याला दिलेला नसतो.

‘एक कोन त्याच्या पूरक कोनाच्या चौपट आहे.’ इथे समीकरण मांडण्याची घाई करू नका. मुलीला विचारा, दोघांत मोठा कोण? चौपट असलेला. मग तो विशालकोन असणार आणि दुसरा लघुकोन. आता लहान कोन म्हणजे एक भाग, मोठा म्हणजे चार भाग, मिळून पाच भागांचे १८०°. एक भाग ३६°, मोठा कोन १४४°. समीकरणात हेच ‘क्ष अधिक चार क्ष’ असं लिहितात. भागांची भाषा आधी आली की क्ष कुठून आला ते मुलाला कळतं.

‘एका कोनाचा कोटिकोन त्या कोनाच्या दुपटीपेक्षा १२° नं कमी आहे.’ कोटिकोन आहे म्हणजे दोन्ही लघुकोन. कोन क्ष, कोटिकोन २क्ष – १२, बेरीज ९०. म्हणून ३क्ष = १०२, क्ष = ३४, कोटिकोन ५६. दोन्ही लघुकोन आहेत, बेरीज ९० आहे, ठीक.

पुढचं माझं आवडतं: ‘एका कोनाचा पूरक कोन त्याच्या कोटिकोनाच्या चौपट आहे, तर तो कोन कोणता?’ बहुतेक मुलं १८० – क्ष = ४(९० – क्ष) असं लिहितात आणि कंस सोडवताना अडखळतात. पण आपल्याला माहीत आहे की पूरक कोन कोटिकोनापेक्षा ९०° नं मोठा असतो. चौपट म्हणजे कोटिकोनाच्या तीन पट जास्त. मग तीन भाग म्हणजे ९०°, कोटिकोन ३०°, मूळ कोन ६०°, पूरक १२०°. तोंडी सुटलं! समीकरण चुकीचं नाही, ते यायलाच हवं. पण नातं दिसलं की उदाहरण किती हलकं होतं ते मुलीला एकदा तरी अनुभवू द्या.

अधूनमधून उत्तर नसलेलं उदाहरणही द्यावं. ‘एक कोन त्याच्या कोटिकोनापेक्षा १२०° नं मोठा आहे.’ समीकरण मुकाट्यानं सुटतं आणि क्ष = १०५ येतं. पण प्रकार तपासला तर १०५° हा विशालकोन, त्याला कोटिकोनच नाही. किंवा आधीच विचार केला तर दोन लघुकोनांतला फरक १२०° असूच शकत नाही. समीकरण सुटलं म्हणजे उत्तर सापडलं असं नाही, हे –२०° लिहिणाऱ्या मुलीला यातून चांगलं कळेल.

हे सगळं फक्त एका धड्यापुरतं आहे का, असा प्रश्न पालकांच्या मनात असतो. तसं अजिबात नाही. दोन रेषा एकमेकींना छेदल्या की चार कोन होतात आणि एक कळला की चारही कळतात, ते पूरक कोनांमुळेच. समोरासमोरचे विरुद्ध कोन समान का असतात, याचं कारणही इथेच आहे: दोघेही मधल्या एकाच कोनाचे पूरक आहेत, मग ते समान असणारच. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनं त्याच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात हे असंच सिद्ध केलंय, आणि तेही एकदाही अंश न वापरता. त्याची काटकोनाची व्याख्याच अशी आहे की एका रेषेवर दुसरी उभी राहिली आणि दोन्ही बाजूंचे संलग्न कोन समान झाले, तर त्यांतला प्रत्येक काटकोन. लघु आणि विशाल हे त्याच्यासाठी काटकोनापेक्षा लहान आणि मोठे, एवढंच. अंश हे मोजायचं साधन आहे. वर्तुळाचे ३६० भाग करण्याऐवजी ४०० भाग करणारी पद्धतही आहे, तिच्यात काटकोन १०० चा होतो. आकडे बदलतात, जोड्या बदलत नाहीत.

काटकोन त्रिकोणात उरलेले दोन कोन नेहमी कोटिकोन असतात, आणि तिथून त्रिकोणमिती सुरू होते. आपल्याकडे काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण म्हणत. कर्ण आपण अजूनही म्हणतो. आज आपण ज्याला साइन म्हणतो तिला ‘ज्या’ म्हणत, आणि कोनाच्या कोटिकोनाची ‘ज्या’ ती कोटिज्या, म्हणजे कोसाइन. इंग्रजीतल्या ‘कोसाइन’मधलं ‘को’ही कॉम्प्लिमेंटमधूनच आलंय, १६२० मध्ये इंग्रज गणिती एडमंड गुंटरनं ‘को-सायनस’ असं लिहिलं. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात लागोपाठच्या कोनांच्या ‘ज्या’ एकमेकींपेक्षा कितीनं वेगळ्या आहेत त्या फरकांची सारणी आहे, २२५ कलांच्या (कला म्हणजे मिनिट) म्हणजे ३°४५′ च्या टप्प्यांनी, २४ टप्प्यांत बरोबर ९०° पर्यंत. कोटिज्येसाठी वेगळ्या सारणीची गरजच नाही: ३०° ची कोटिज्या हवी तर ६०° ची ‘ज्या’ बघायची. कोटिकोन काढता येणं म्हणजे अर्धी सारणी फुकट मिळणं आहे.

विज्ञानातही हीच गाठ पडते. आरशावर पडणाऱ्या किरणाचा आपतन कोन आरशापासून मोजत नाहीत, आरशाला लंब असलेल्या स्तंभिकेपासून मोजतात. किरण आरशाशी ३५° करत असेल तर आपतन कोन ५५°. मुलं आरशापासूनचा कोन लिहून मोकळी होतात, म्हणजे नेमका कोटिकोन लिहितात. पृष्ठभागापासून मोजायचं की लंबापासून, हे आधी विचारणारं मूल ही चूक करत नाही.

घरी सुरुवात कशी करायची, तर पहिले दोन-तीन दिवस वही उघडूच नका. पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि कागद पुरेत. कागद कितीही वेडावाकडा फाटलेला असला तरी एक घडी घातली की सरळ कड मिळते, आणि ती कड तिच्यावरच जुळवून दुसरी घडी घातली की काटकोन. कागदाच्या कोपऱ्यातून जाणारी कुठलीही घडी घाला, कोपऱ्याचे दोन भाग कोटिकोन होतात. कडेवरच्या एखाद्या बिंदूतून घडी घाला, दोन्ही बाजूंचे कोन पूरक होतात. तिला कोपऱ्याच्या आणि कडेच्या पाच-पाच घड्या घालायला सांगा, प्रत्येक वेळी एक कोन मोजून दुसरा न मोजता सांगायला लावा, आणि मोजण्याआधी प्रकार बोलून घ्या. मग वही.

ते जमलं की तिच्यासमोर हे ठेवा. कागदाच्या कडेवर एक बिंदू घ्या, त्यातून कुठल्याही दिशेला एक किरण काढा. कडेचा उजवा भाग किरणावर जुळेल अशी घडी घाला, उलगडा, मग डावा भाग किरणावर जुळेल अशी घडी घाला, उलगडा. दोन्ही घड्यांमधला कोन तिला मोजायला सांगा. किरण कसाही काढला असला तरी तो काटकोनच येईल. का, हे तिला शोधू द्या. पूरक कोनांच्या जोडीतला प्रत्येक कोन निम्मा केला की कोटिकोनांची जोडी मिळते, हे तिच्या तोंडून येईपर्यंत थांबा. लगेच आलं नाही तर उत्तर सांगू नका. किरण वेगळ्या दिशेला काढून, नव्या कागदावर, पुन्हा एकदा घड्या घालायला सांगा.